तळपायाचा नकाशा: खरा किती, रंगवलेला किती

आळंदीपासून शंभरेक किलोमीटर चालून माउलींची पालखी नीरा ओलांडते आणि सातारा जिल्ह्यात लोणंदला टेकते, तोवर वारकऱ्यांचे पाय भरून आलेले असतात. पिंढऱ्यांत वांब येतात, चवड्यांना फोड येतात. तिथे तेल घेऊन पाय चेपायला बसलेली माणसं रोग विचारत नाहीत आणि निदानही सांगत नाहीत. पाय मांडीवर घेतात, चोळतात, पुढच्याला बोलावतात. एरवीच्या जत्रेत मात्र दुसऱ्या तऱ्हेचा स्टॉल दिसतो. तळपायाचं रंगीत चित्र टांगलेलं, अंगठ्यावर मेंदू, चवड्यावर फुप्फुसं, कमानीत किडनी, टाचेत कंबर, आणि समोर लाकडी रोलर आणि काटेरी चपला. या दुसऱ्या प्रकाराचं नाव रिफ्लेक्सॉलॉजी. दोन्हीकडे पाय दाबूनच मिळतात. फरक पडतो तो त्या चित्रामुळे, म्हणून आधी चित्राकडे बघू.

चित्र आलं कुठून

अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले, पाच उजवीकडे आणि पाच डावीकडे. एका पट्ट्यात कुठेही दाब दिला की त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या जागेवर परिणाम होतो, अशी त्यांची मांडणी होती. १९१७ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे सगळं तळपायावर उतरवलं आणि कुठल्या अवयवाचा बिंदू कुठे, हे नेमून टाकलं. म्हणजे भिंतीवरचं चित्र अजून शंभरीलाही पोचलेलं नाही. 'पाच हजार वर्षांची विद्या' असं जे छापतात, त्यामागे इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या एका थडग्यातलं चित्र असतं. त्यात माणसं एकमेकांचे हातपाय धरून बसलेली दिसतात खरी, पण कुठल्या बिंदूला कुठला अवयव याचा तिथे मागमूस नाही.

आपल्याकडचा पादाभ्यंग याहून कितीतरी जुना आणि बराच साधा. चरकसंहितेत त्याचे गुण सांगताना सुरुवात पायांपासूनच केली आहे: खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, शिणवटा, बधिरपणा. पुढे दृष्टीला फायदा होतो असंही म्हटलं आहे, पण अवयवांचा नकाशा नाही. आणि आपण सर्रास ज्याला 'अॅक्युप्रेशर' म्हणतो ते तिसरंच. ते चिनी वैद्यकातल्या वाहिन्यांवर चालतं, आणि त्या बारा मुख्य वाहिन्यांपैकी प्रत्यक्ष तळव्यावर एकीचाच बिंदू येतो. तीन वेगळ्या गोष्टी एकाच पाटीवर लिहिलेल्या दिसल्या, की पाटी लावणाऱ्याचं शिक्षण किती झालंय याचा अंदाज यायला हरकत नाही.

आता या चित्राची परीक्षा झाली का? झाली. ठरावीक आजार असलेल्या माणसांचे फक्त पाय रिफ्लेक्सॉलॉजिस्टना तपासायला दिले आणि आजार कुठला ते ओळखायला सांगितलं, तर निदान जुळलं नाही. दोन जाणकारांचं आपसातही जमलं नाही. ही चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. २००९ मध्ये पूरक उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट यांनी १८ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही एखाद्या आजारावरचा उपचार म्हणून रिफ्लेक्सॉलॉजी चालते असं पटण्याजोगं काही हाती लागलं नाही. दोन वेगवेगळ्या प्रकाशनांचे तक्ते शेजारी ठेवून पाहिले तरी हृदयाची जागा इकडची तिकडे झालेली आढळते.

अंगठ्याखाली लागणारी 'गाठ'

दाबता दाबता माणूस थांबतो आणि म्हणतो, "इथे बघा, खडा लागतोय. किडनीत गडबड आहे." हा खडा खरंच लागतो, तो खोटं बोलत नसतो. पण तो कसला?

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याच्या फुगीर भागात आपला हाताचा अंगठा रुतवून बघा. पायाचा अंगठा वरखाली हलवला की आत वाटाण्याएवढी दोन हाडं सरकल्यासारखी वाटतात. ती जन्माचीच आहेत. स्नायूच्या दोरीला कप्पी मिळावी म्हणून निसर्गाने बसवलेली, गुडघ्याच्या वाटीची धाकटी भावंडं. पायाची २६ हाडं मोजतात त्यात ती धरतही नाहीत. त्यांना 'साचलेले स्फटिक' समजून रोज रगडलं, तर तिथे खरीच सूज येऊ शकते आणि मग चालताना चवडा टेकवत नाही. टाचेच्या पुढे कमानीत जो ताठ दोर लागतो तो प्लांटार फॅशिया, टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला पडदा. पायाचे अंगठे मागे वाकवले की तो तारेसारखा वर येतो. टाचेखाली दाणेदार लागते ती चरबीची गादी, छोट्या छोट्या कप्प्यांत भरलेली. कुरकुर आवाज येतो तो यांच्या घसरण्याचा. फोडून काढण्यासारखं आत काही नसतं.

खरा नकाशा आहेच, पण तो वेगळा

'तळपायात सात हजार नसा असतात आणि त्या सगळ्या अवयवांना जोडलेल्या असतात' हे वाक्य मोबाइलवर फिरत असतं. तळव्याच्या कातडीत स्पर्श आणि दाब ओळखणारी टोकं भरपूर असतात, हे बरोबर. पण तिथून निघालेली नस किडनीकडे जात नाही. ती घोट्याच्या आतल्या बाजूने, पोटरीतून, मांडीच्या मागून जाते आणि कमरेच्या खालच्या मणक्यांत शिरते.

म्हणून पायावर एक नकाशा खरोखर काढता येतो, आणि डॉक्टर तो रोज वापरतात. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी कमरेच्या चौथ्या नसेच्या ताब्यात. पायाचा वरचा भाग आणि अंगठा पाचव्या नसेकडे. करंगळी, पायाची बाहेरची कड आणि बराचसा तळवा त्याखालच्या, त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या) पहिल्या नसेकडे. कंबर धरली आहे आणि अंगठ्यात मुंग्या येतात, तर पाचवी नस दबली असावी. करंगळीकडची बाजू बधिर झाली, तर त्याखालची. कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक हललं की दुसरं हलतं, तसं हे आहे. पाय कमरेची बातमी देतो. यकृताची बातमी अंगठ्याने चाचपून मिळत नाही, त्याला रक्त तपासावं लागतं. अंगठा वर उचलता येत नसेल, चालताना पाय फरफटत असेल, किंवा लघवीवरचा ताबा जाऊन दोन मांड्यांमधली जागा बधिर झाली असेल, तर तेलाची बाटली ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मिरजेत पाट्या वाचत चाललात तरी दोन गल्ल्यांत सापडेल.

मग पाय चेपल्यावर इतकं बरं का वाटतं? दुखऱ्या जागेवर दाब आणि स्पर्श सतत पोचत राहिला की मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशाची वाट अडते. हे 'फाटकाचं' स्पष्टीकरण मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं. त्यात बरीच दुरुस्ती झाली, पण मूळ कल्पना टिकून आहे. खरचटलं की आपण आपसूक चोळतो ते याचसाठी. शिवाय संथ लयीत दाबलं की श्वास लांबतो, नाडी मंदावते, झोप येते. आणि चाळीस मिनिटं फोन लांब ठेवून कुणाच्या तरी हातात पाय देऊन पडून राहणं, हे एरवी घडतंच कुठे? हा गुण कमी लेखू नका. कॅन्सरच्या रुग्णांची बेचैनी, म्हाताऱ्यांची न लागणारी झोप, उभ्या पाळीनंतरचा शिणवटा, इथे चालू उपचारांच्या जोडीला पाय दाबून देण्यात शहाणपणच आहे. औषध सोडून फक्त पाय दाबणं, हे नाही.

हात लावण्याआधी डोळे लावा

इथे लोक घाई करतात. पाय उजेडात घ्या. बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडा. कातडी पांढरी, ओली, सोललेली दिसली तर त्या चिखल्या. कृष्णाकाठी पावसाळाभर त्या घरोघरी असतात. चिखल्यांचा पाय दाबून तेच हात दुसऱ्याच्या पायाला लावले की बुरशीही सोबत जाते. टाचेच्या भेगेतून रक्त येत असेल, कुरूप लाल झालं असेल, जखम असेल, तर तो भाग सोडून द्या.

नंतर नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि काढा. खड्डा पडून राहिला तर पायात पाणी आहे. दोन्ही पायांना सारखा खड्डा पडत असेल तर हृदय, किडनी, यकृत यांकडे बघावं लागतं. पण घाबरण्याआधी गोळ्यांची पट्टी तपासा: रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने कित्येकांचे घोटे सुजतात. ती सूज कितीही चोळा, गोळी चालू आहे तोवर परत येते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर बदलून देतात. आणि एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, विशेषतः ऑपरेशननंतर, बाळंतपणात किंवा खूप दिवस अंथरुणात पडून राहिल्यावर, तर पायाला हातही लावू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं.

मधुमेह असेल तर एक मिनिटाची परीक्षा घ्या. माणसाला डोळे मिटायला सांगा. तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना हलकेच, सेकंद-दोन सेकंद स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. कुठे लागलं ते त्याने सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली आहे. या पायाला 'दुखलं तर सांगा' म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्याला दुखणारच नाही. काटेरी चपला, लाकडी रोलर, गरम पाण्याचं घमेलं, तिन्ही बंद. हाताच्या तळव्याने तेल जिरवणं तेवढं चालेल, बेचक्या कोरड्या ठेवून.

संधिवातातला गाऊट भडकलेला असताना, ताज्या मुरगळीवर, तापात, पाय लाल होऊन गरम झाला असताना दाबायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोर लावला की निळे डाग पडतात, तिथे हात हलका. गरोदरपणाचे पहिले तीन महिने थांबावं, पुढेही डॉक्टरांना विचारून.

दाबायचं कसं

ज्याचे पाय दाबायचे त्याने पाठ टेकून पडावं, गुडघ्यांखाली उशी. दाबणाऱ्याने पायथ्याशी बुटक्या स्टुलावर बसावं, म्हणजे तळवा त्याच्या छातीसमोर येतो आणि खांदे उचलावे लागत नाहीत. नखं इतकी कापलेली, की बोटाच्या पेराबाहेर काही दिसू नये. जेवणानंतर तासभर जाऊ द्या. पाय कोमट पाण्याने धुवा, पाणी साधारण ३७-३८ अंश, कोपराला ऊनही लागू नये आणि गारही. बेचक्यांसकट पुसून कोरडे करा.

तेल सुरुवातीला नको. पायाला तेल चोपडलं की अंगठा घसरतो, आणि घसरतो म्हणून माणूस जोर वाढवतो. घाम असेल तर चिमूटभर टाल्कम पावडर पुरे. तेल शेवटी.

आधी दोन्ही तळपाय दोन्ही तळहातांत अर्धा मिनिट नुसते धरून ठेवा. मग एक पाय घ्या. दोन तळहात पायाच्या दोन कडांना लावून आळीपाळीने पुढे-मागे हलवा, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतो तसं. चवडा सैल पडून डुलायला लागला पाहिजे. घोटा पाच वेळा सुलट, पाच वेळा उलट फिरवा. या सगळ्याला पाच मिनिटं.

आता अंगठा. इथे खरी कसब आहे. अंगठ्याचं टोक टेकवायचं नाही, नखाशेजारची बाहेरची कड टेकवायची. वरचं पेर वाकवायचं, सरळ करायचं, वाकवायचं, सरळ करायचं. दरवेळी अंगठा एक-दोन मिलिमीटर पुढे सरकतो, पानावरून सुरवंट जातो तसा. तो उचलला जाऊ नये, मागे येऊ नये. बाकीची चार बोटं पायाच्या वरच्या बाजूला टेकलेली, म्हणजे जोर चिमटीतून येतो. दुसरा हात बोटं किंचित मागे धरून तळवा ताणून ठेवतो. सैल तळव्यावर अंगठा रुततो, ताणलेल्यावर चालतो. टाचेपासून प्रत्येक बोटाच्या मुळापर्यंत एक, अशा पाच रेषा, प्रत्येक रेषा दोन-तीनदा. मग बोटं, एकेक पेर. मग आतली कड, अंगठ्यापासून टाचेपर्यंत, जिला चित्रात पाठीचा कणा म्हणतात. कणा असो नसो, कमान उचलून धरणाऱ्या स्नायूंना तिथे आराम पडतो. वरच्या बाजूला हाडं कातडीलगत आहेत, तिथे बोटांच्या पोटांनी हलकं. एका पायाला एकूण पंधरा-वीस मिनिटं, वय झालेल्यांना दहा.

जोर किती? 'बस, आता दुखायला लागलं' याला दहा मार्क धरले, तर चार-पाचवर राहायचं. गोड कळ यावी, चेहरा वाकडा होऊ नये. तोंडाने लोक 'चालेल, चालेल' म्हणतात, म्हणून पाय वाचा: बोटं आत वळली, श्वास अडकला, हाताने चादर धरली, की जोर जास्त झाला. 'दुखतंय म्हणजे लागू पडतंय' हा समज सोडा. दुखरी जागा सापडली तर दहा-पंधरा सेकंद दाबून पुढे जा. दुसऱ्या दिवशी ती जास्त दुखली तर चूक तुमची.

शेवटी पाव चमचा तिळाचं किंवा खोबरेल तेल एका पायाला, पोटरीपर्यंत खालून वर हलका हात. नंतर तळवे कोरड्या फडक्याने नीट पुसा. तेलकट पायाने शहाबादी फरशीवर उठलेला म्हातारा माणूस घसरतो, आणि मग खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होतं. पाच मिनिटं बसवून मगच उभं करा.

काशाची वाटी

तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने तळपाय घासला की तळवा काळा पडतो, आणि 'उष्णता निघाली' म्हणतात. आता फिरत्या तबकडीची यंत्रंही आली आहेत. कासं म्हणजे साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. घासताना त्याचा अतिबारीक कीस आणि वरचा काळपट थर निघतो आणि तेल, घाम, मेलेली कातडी यांत मिसळतो. तांब्या-पितळेची भांडी घासणाऱ्या बाईला फडकं काळं का होतं ते माहीत असतं. खात्री करायची तर तीच वाटी तूप लावून पांढऱ्या जुन्या पंच्यावर पाच मिनिटं घासून बघा, पंच्याला तर उष्णता झालेली नसते. काळं पडणं बाजूला ठेवलं तर वाटी चांगलीच आहे: गुळगुळीत, बोजदार, अंगठ्याला विश्रांती देणारी. यंत्रावर बसायचं तर आधीच्या माणसानंतर तबकडी पुसली का ते विचारा. चिखल्या त्या तबकडीवरूनही पसरतात.

टाच धरते तेव्हा

सांगलीच्या मार्केट यार्डात पोती वाहणारा हमाल, साखर कारखान्यात गाळपाच्या हंगामात सिमेंटवर रात्रपाळी करणारा, आणि साताऱ्यात यवतेश्वरचा घाट पळत चढणारा, या तिघांची तक्रार एकच असते: सकाळी पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत सुई घुसते, दहा पावलांनी कमी होते. हा तोच ताठ पडदा, टाचेपाशी दुखावलेला. तक्त्यातला 'टाचेचा बिंदू' म्हणून नेमकी ती जागा ठोसून काढली तर दुखणं लांबतं. टाच सोडा, कमान आणि पोटरी धरा. अंथरुणातून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, बोटं नडगीकडे ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. पोटरीचा ताण भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीला चिकटवून, तीस सेकंद, तीन वेळा. संध्याकाळी पाण्याची बाटली बर्फ करून तिच्यावर कमान पाच-दहा मिनिटं फिरवा (मधुमेहात संवेदना गेलेल्या पायाला नाही). आठवडे लागतात, दिवस नाही. दरम्यान झिजलेली सपाट स्लिपर टाकून द्या. दाबण्यापेक्षा चप्पल बदलण्याने पुष्कळांचं निम्मं दुखणं जातं, पण तो सल्ला फुकट असल्यामुळे कुणी देत नाही.

दाबणाऱ्याचे अंगठे

रोज आठ-दहा जणांचे पाय दाबणाऱ्याचा अंगठा काही वर्षांत बोलायला लागतो. आधी मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येते, मग बरणीचं झाकण फिरवता येत नाही. कारण बहुतेक वेळा एकच: जोर अंगठ्याच्या सांध्यातून काढणं. कोपर सरळ करून अंग पुढे झुकवलं की वजन आपोआप उतरतं, अंगठा फक्त दिशा देतो. चवडा आणि टाच यांना मुठीची पेरं वापरा, अंगठा कमानीसाठी राखून ठेवा. दोन गिऱ्हाइकांमध्ये दहा मिनिटं सुटी, हात कोमट पाण्यात, बोटं ताणून. मुठीत अंगठा मिटून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर चमक निघत असेल, तर त्या अंगठ्याला काही आठवडे विश्रांती द्यायची आणि तोवर काशाची वाटी बाहेर काढायची.